बॉसचं राजकीय मत पटलं नाही, म्हणून त्याची नोकरी जाऊ शकते का?

निवडणुकीच्या महिन्यात कोपरगावात व्हॉट्सॲप स्टेटस ही साधी गोष्ट राहत नाही. २०१९ ची विधानसभा आठवा. आशुतोष काळे विरुद्ध स्नेहलता कोल्हे. निकाल लागला तेव्हा दोघांतला फरक होता फक्त ८२२ मतांचा. एवढ्या अटीतटीच्या ठिकाणी कोण कुणाच्या स्टेटसवर दिसतो, कुणाच्या सभेत पुढच्या रांगेत बसतो, याची नोंद कुणीतरी मनात ठेवतंच.

त्यात तालुक्यातले मोठे रोजगार बघा. कोळपेवाडीला कर्मवीर शंकरराव काळे सहकारी साखर कारखाना, सहजानंदनगरला सहकारमहर्षी शंकरराव कोल्हे सहकारी साखर कारखाना, म्हणजे जुना संजीवनी. नावांवरूनच कळतं की कारखाना आणि राजकारण इथं एकाच घरात नांदतं. कोपरगाव त्यात एकटं नाही, राज्याच्या साखरपट्ट्यात बहुतेक ठिकाणी हेच चित्र आहे. अशा गावात कार्यकारी संचालक, चीफ केमिस्ट, शेतकी अधिकारी, कॉलेजचा प्राचार्य किंवा बँकेचा मॅनेजर असलेल्या माणसाने आपलं राजकीय मत उघडपणे मांडलं, आणि ते वरच्यांना किंवा लोकांना पटलं नाही, तर त्याची नोकरी जाऊ शकते का? आणि जावी का?

या दोन प्रश्नांची उत्तरं वेगवेगळी आहेत. पहिल्याचं थोडक्यात उत्तर, हो, जाऊ शकते. आणि पद जितकं मोठं, तितकी सहज जाऊ शकते. हे बऱ्याच जणांना उलटं वाटतं.

मुंबईतलं प्रकरण, आणि त्याचा कोपरगावपर्यंत येणारा धागा

महाराष्ट्रात अलीकडे या विषयावर सगळ्यात जास्त चर्चा झाली ती मे २०२४ मध्ये. मुंबईत विद्याविहारच्या सोमय्या स्कूलच्या मुख्याध्यापिकांना व्यवस्थापनाने ७ मे रोजी सेवेतून काढलं. त्या बारा वर्षं शाळेत होत्या, त्यातली सुमारे सात वर्षं मुख्याध्यापिका. कारण काय, तर एक्सवर (म्हणजे पूर्वीच्या ट्विटरवर) त्यांनी केलेले ‘लाइक’. पॅलेस्टाइन, हमास आणि देशातलं राजकारण या विषयांवरच्या काही पोस्ट त्यांनी लाइक केल्याची बातमी एका वेबसाइटने एप्रिलच्या शेवटी दिली. व्यवस्थापनाने आधी राजीनामा मागितला, त्यांनी दिला नाही, मग सेवा संपवली.

शाळेचं म्हणणं होतं की अभिव्यक्तिस्वातंत्र्य आम्हाला मान्य आहे, पण ते अमर्याद नाही, आणि हे वर्तन आमच्या मूल्यांशी जुळत नाही. मुख्याध्यापिकांचं म्हणणं होतं की ही कारवाई बेकायदा आहे आणि राजकीय हेतूने केलेली आहे. सेवा संपल्याचं पत्र हातात पडण्याआधी ते आपल्याला सोशल मीडियावरून समजलं, असंही त्यांनी सांगितलं.

आता धागा. सोमय्या हे नाव मुंबईकरांसाठी कॉलेजचं आहे, पण कोपरगाव तालुक्यासाठी ते साखरेचं आहे. करमशी जेठाभाई सोमय्या यांनी १९३९ मध्ये गोदावरी शुगर मिल्स सुरू केली. वारी गावाजवळची साकरवाडी हे नावच त्या कारखान्यातून आलेलं. साखरेत नाव कमावल्यावर त्यांनी १९५९ मध्ये विद्याविहारला शिक्षणसंस्था उभी केली. आज साकरवाडीला गोदावरी बायोरिफायनरीजचा रसायनांचा प्रकल्प आहे. शाळा आणि प्रकल्प या वेगळ्या संस्था आहेत, शाळेच्या निर्णयाचा साकरवाडीशी संबंध नाही. पण ‘हे सगळं मुंबईतल्या शाळांचं, आपल्याकडे काय’ असं म्हणणाऱ्यांसाठी हे सांगायला हवं. मालक, संस्था आणि पगारी माणूस हे नातं दोन्हीकडे सारखंच असतं.

एक तपशील मात्र लक्षात ठेवण्यासारखा. या प्रकरणानंतर महिन्याभरातच, जून २०२४ मध्ये, एक्सने सगळ्यांचे लाइक इतरांना दिसणं बंद केलं. म्हणजे ज्या गोष्टीवरून नोकरी गेली, ती थोडी उशिरा घडली असती तर कुणाला दिसलीही नसती.

मत गुप्त, पण मत मांडलं तर?

मराठीत ‘मत’ हा शब्द दोन अर्थांनी वापरतात. मतपेटीतलं मत आणि मनातलं मत. कायदा मात्र या दोघांना अगदी वेगळं वागवतो.

मतपेटीतल्या मताला जबरदस्त संरक्षण आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम ९४ नुसार तुम्ही कुणाला मत दिलं हे सांगायची सक्ती कोणीही करू शकत नाही. कलम १३५ ब नुसार मतदानाच्या दिवशी मालकाला भरपगारी सुट्टी द्यावी लागते. मतदारावर दबाव आणणं हा गुन्हाच आहे.

पण तेच मत तुम्ही फेसबुकवर लिहिलं, तर खासगी नोकरीपुरतं हे संरक्षण जवळपास संपतं. ‘पण घटनेच्या कलम १९ मध्ये अभिव्यक्तिस्वातंत्र्य आहे ना?’ आहे. ते मुख्यतः सरकारविरुद्ध आहे. सरकार तुमचं तोंड बंद करू शकत नाही (वाजवी निर्बंध सोडून). तुमची कंपनी म्हणजे सरकार नव्हे. जानेवारी २०२३ मध्ये कौशल किशोर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने बहुमताने म्हटलं की कलम १९ आणि २१ चे हक्क सरकारव्यतिरिक्त इतरांविरुद्धही बजावता येतात. पण म्हणून काढलेला मॅनेजर उद्या या निकालाची प्रत दाखवून खुर्चीत परत बसेल, असा अर्थ काढू नका.

सहकारी साखर कारखान्याचं काय? तो सरकारी वाटतो, सरकारी हमी असते, साखर आयुक्तांचं नियंत्रण असतं. तरीही २०१३ च्या थलप्पलम निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की सहकारी संस्था, केवळ सहकार कायद्याखाली नोंदलेली आहे म्हणून, घटनेच्या कलम १२ मधलं ‘राज्य’ ठरत नाही. म्हणजे सरकारी नोकराला जी घटनात्मक ढाल मिळते, ती सहकारी कारखान्याच्या अधिकाऱ्याला सहसा मिळत नाही.

भेदभावाविरुद्धचे कायदे बघितले तर तिथेही रिकामी जागा आहे. लिंग, जात, अपंगत्व यांवरून नोकरीत होणाऱ्या अन्यायासाठी कमी-अधिक का होईना, कायदे आहेत. राजकीय मतासाठी खासगी क्षेत्रात असा स्वतंत्र कायदा नाही. गंमत म्हणजे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९५८ चा १११ क्रमांकाचा करार नोकरीत भेदभाव करू नये अशा कारणांच्या यादीत ‘राजकीय मत’ स्पष्ट लिहितो, आणि भारताने तो १९६० मध्येच मान्य केलाय. सही होऊन साठ वर्षं उलटली, पण खासगी कंपनीतल्या माणसाला हातात धरता येईल असं कलम त्यातून आलेलं नाही.

शिपायाला संरक्षण, साहेबाला नाही

इथे बहुतेक लोक चकतात. कारखान्यातला कायम कामगार आणि त्याच कारखान्याचा कार्यकारी संचालक, यांत कायदा कुणाच्या बाजूने जास्त उभा राहतो? कामगाराच्या.

कामगार कायद्यात ‘कामगार’ कोण याची व्याख्या आहे, आणि जो मुख्यतः व्यवस्थापकीय किंवा प्रशासकीय काम करतो तो त्यातून बाहेर आहे. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत देखरेखीचं काम करणारा आणि महिन्याला १८,००० रुपयांपेक्षा जास्त पगार घेणाराही बाहेर पडतो. म्हणजे आजच्या पगारात बरेच सुपरवायझरसुद्धा गेले.

कामगाराला सूडबुद्धीने किंवा धडधडीत खोटं कारण दाखवून काढलं, तर ती ‘अनुचित कामगार प्रथा’ ठरते. महाराष्ट्रात त्यासाठी १९७१ चा स्वतंत्र कायदा आहे. न्यायालय त्याला कामावर परत घ्यायला लावू शकतं. १९८३ च्या ग्लॅक्सो प्रकरणात तर सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कामाच्या जागेबाहेर केलेल्या कृत्याचा कामाशी संबंध दाखवता आला पाहिजे, नाहीतर ते गैरवर्तन म्हणून कामगारावर लादता येत नाही.

साहेबाचं काय? त्याच्या हातात असतं नेमणूकपत्र. त्यात बहुतेकदा एक ओळ असते, एक किंवा तीन महिन्यांची नोटीस देऊन दोघांपैकी कुणीही करार संपवू शकतो. कारण द्यायची गरज नाही. कोर्टात गेला तरी खासगी नोकरीत परत घ्या असा आदेश सहसा मिळत नाही, कारण वैयक्तिक सेवेचा करार जबरदस्तीने चालवता येत नाही हे जुनं तत्त्व आहे. मिळते ती भरपाई. आणि १९५७ च्या भारत निधी प्रकरणापासून ठरलंय की करारात नोटीस असेल तर भरपाई साधारण तेवढ्या महिन्यांच्या पगाराइतकी. वीस वर्षांची कारकीर्द, तीन महिन्यांचा पगार.

शाळांची गोष्ट थोडी बरी आहे. महाराष्ट्रात मान्यताप्राप्त खासगी शाळांतल्या कायम कर्मचाऱ्यांसाठी १९७७ चा सेवाशर्तींचा कायदा आहे. त्यात चौकशीची पद्धत आणि शालेय न्यायाधिकरणात अपील आहे. सरकारी महामंडळांत ‘कारण न देता काढू’ हे कलम सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये ब्रोजोनाथ गांगुली प्रकरणात रद्द ठरवलं.

सरकारी अधिकाऱ्याचा व्यवहार पूर्ण वेगळा. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ नुसार तो राजकीय पक्षाचा सदस्यच होऊ शकत नाही. जुलै २०२५ मध्ये राज्य सरकारने सोशल मीडियावर सरकारी धोरणांची टीका करू नये असंही बजावलं. पण त्याच्याकडे दुसऱ्या बाजूने ढाल आहे. मध्य प्रदेशातल्या एका शिक्षकाला, तो पूर्वी राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या आणि जनसंघाच्या कामात होता असा पोलिसांचा अहवाल आल्यावर, नोकरीतून कमी केलं गेलं. १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षकाच्या बाजूने निकाल दिला. पूर्वीच्या राजकीय विचारांवरून माणसाला नोकरी नाकारणं घटनेत बसत नाही, असं न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डींनी ठणकावलं. चिन्नप्पा रेड्डी स्वतः डाव्या विचारांचे म्हणून ओळखले जात. आपल्या विरोधी मताच्या माणसाला संरक्षण देताना त्यांचा हात थांबला नाही, म्हणून हा निकाल मला या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

कागदावर ‘राजकारण’ कधीच नसतं

खासगी नोकरीत अडचण अशी की कुणीही पत्रात ‘तुमचं राजकीय मत आवडलं नाही’ असं लिहीत नाही. कामगिरी कमी पडली, वर्तन बरोबर नाही, मूल्यांशी जुळत नाही, असे शब्द असतात. जानेवारी २०२२ मध्ये अभिनेते किरण माने यांना ‘मुलगी झाली हो’ मालिकेतून काढलं, तेव्हा राजकीय पोस्टमुळे हे झालं असं ते म्हणाले, तर दुसऱ्या बाजूने सेटवरच्या वर्तनाचं कारण दिलं गेलं. माने अधिकारी नव्हते, पण दोन कारणांची ही रस्सीखेच नेहमीची आहे.

कधी कधी मात्र कागदावरच्या कारणामागे वेगळीच गोष्ट असते. एप्रिल २०१८ मध्ये कोचीमधल्या एका खासगी बँकेच्या असिस्टंट मॅनेजरने कठुआतल्या बलात्कार करून मारल्या गेलेल्या लहान मुलीबद्दल फेसबुकवर अत्यंत घृणास्पद कॉमेंट केली. लोक खवळले. बँकेने कॉमेंटचा निषेध केला आणि सांगितलं की त्याला आधीच, कामगिरीवरून काढलंय. पण ती कॉमेंट म्हणजे ‘राजकीय मत’ होतं का? माझ्या मते नाही. एका समाजातल्या मुलीच्या मृत्यूवर समाधान मानणारा माणूस उद्या काउंटरवर त्या समाजाच्या ग्राहकाशी कसा वागेल, हा प्रश्न बँकेने विचारायलाच हवा. पक्षाला पाठिंबा देणं आणि माणसांबद्दल द्वेष दाखवणं यांना एका पिशवीत घातलं की सगळी चर्चा नासते.

बाहेरच्या देशांत काय झालं?

जगभर या विषयावर बोलताना हमखास निघणारं नाव म्हणजे ब्रेंडन आइक. जावास्क्रिप्ट ही संगणकभाषा बनवणारा, मोझिलाच्या संस्थापकांपैकी एक. २४ मार्च २०१४ ला तो मोझिलाचा सीईओ झाला आणि ३ एप्रिलला त्याने पद सोडलं. कारण २००८ मध्ये त्याने कॅलिफोर्नियात समलिंगी विवाहावर बंदी आणणाऱ्या प्रस्तावासाठी एक हजार डॉलरची देणगी दिली होती. तिथे देणगीदारांची नावं जाहीर होतात, म्हणून ते कळलं. त्याच्या कंपनीतल्याच काहींनी राजीनामा मागितला, एका डेटिंग वेबसाइटने मोझिलाचा ब्राउझर वापरू नका असा संदेश लावला. कंपनीचं म्हणणं, आम्ही काढलं नाही, तो स्वतः गेला. अकरा दिवसांत.

त्याच कॅलिफोर्नियात कर्मचाऱ्याच्या राजकीय हालचालींवर मालकाने बंधन घालू नये असा कायदा आहे. पण ग्राहक आणि सहकाऱ्यांचा दबाव येतो तेव्हा कायद्याचा फारसा उपयोग होत नाही, कारण माणूस ‘स्वतःहून’ जातो.

ब्रिटनमधलं उदाहरण उलट टोकाचं. ब्रॅडफर्डमध्ये अपंगांना ने-आण करणारा एक बसचालक २००४ मध्ये एका अतिउजव्या पक्षातर्फे नगरसेवक म्हणून निवडून आला. त्याचे बरेच प्रवासी आशियाई वंशाचे. त्याच्या कामाबद्दल एकही तक्रार नव्हती, तरी कंपनीने काढलं. २०१२ मध्ये युरोपियन मानवी हक्क न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी सांगितलं की त्याला दाद मागण्याची सोयच नव्हती, हे चूक आहे. ब्रिटनला पुढच्याच वर्षी कायदा बदलावा लागला. न्यायालयाने त्याला पाठिंबा दिला नव्हता, एवढंच म्हटलं होतं की त्याचं ऐकून घेणारी जागा हवी.

मग काढावं की नाही?

परत कोपरगावला येऊ, कारण या प्रश्नाचं उत्तर सीईओच्या काचेच्या केबिनपेक्षा उसाच्या फडात जास्त स्वच्छ दिसतं.

सहकारी कारखान्याचा कार्यकारी संचालक हा पगारी व्यावसायिक असतो. त्याच्यावर निवडून आलेलं संचालक मंडळ, आणि अध्यक्ष बहुतेकदा राजकारणी. आता समजा, या एमडीला मनातून दुसरा पक्ष आवडतो. तो घरी बसून त्यांची भाषणं ऐकतो, एखादी पोस्ट लाइक करतो. शेतकऱ्याचं काय बिघडलं? काहीच नाही. वजनकाटा तोच, उतारा तोच, पेमेंटची तारीख तीच.

आता दुसरी शक्यता. तोच एमडी कुठल्या गावाने कुणाला मतं दिली ते बघून तोडीचा कार्यक्रम पुढे-मागे करतो. ज्याने ऊस वाढवला त्याला माहीत असतं, तोड लांबली की तुरा येतो, वजन घटतं, आणि वर्षाचं गणित कोलमडतं. असा माणूस खुर्चीत एक दिवसही राहू नये. यात त्याचं मत कुठलं, तो अध्यक्षांच्या बाजूचा की विरोधातला, हा मुद्दाच नाही. अध्यक्षांच्या बाजूचा असेल तर उलट त्याला कुणी काढणार नाही, आणि खरी अडचण तिथे आहे. मत मांडलं म्हणून गेलेल्या नोकऱ्यांवर आपण पोस्ट लिहितो. हाताखालच्यांना सभेला गाडीत बसवून नेणारा साहेब मात्र कुणाच्या ट्रेंडमध्ये येत नाही.

म्हणून मला वाटतं, निव्वळ मतासाठी वरिष्ठालाही काढू नये. पण वरिष्ठाच्या मताकडे शिपायाच्या मताइतक्याच सहजपणे बघता येत नाही, हेही खरं. ज्याच्या सहीने बढती, बदली, ॲडमिशन किंवा कर्ज ठरतं, त्याने एखाद्या समाजाबद्दल जाहीरपणे लिहिलं तर त्या समाजातल्या माणसाला शंका येणारच. त्या शंकेचं उत्तर चौकशीत शोधायचं. त्याने कुणाशी वेगळं वागल्याचा पुरावा आहे का, तक्रार आहे का, त्याला आपली बाजू मांडायची संधी मिळाली का. कंपनी कायद्यात भागधारक एखाद्या संचालकाला काढतात तेव्हाही, कलम १६९ नुसार, त्याला बोलायची संधी द्यावी लागते. शाळेच्या मुख्याध्यापिकेला किंवा बँकेच्या मॅनेजरला निदान तेवढी मिळावी.

मालक मात्र या सगळ्याच्या बाहेर असतो. ३० नोव्हेंबर २०१९ ला मुंबईतल्या एका पुरस्कार सोहळ्यात राहुल बजाज यांनी थेट अमित शहांसमोर म्हटलं की सरकारवर टीका केली तर ती खपवून घेतली जाईल असा विश्वास लोकांना वाटत नाही. शहांनी घाबरायचं कारण नाही असं उत्तर दिलं. दुसऱ्या दिवशी बजाज तेच बजाज होते. त्यांच्याच एखाद्या प्लांट मॅनेजरने मंत्र्यांसमोर असं म्हणायचं धाडस केलं असतं का, असा विचार मनात येतो.

आणि राजकारणाचा वेग बघा. २०१९ मध्ये ८२२ मतांसाठी एकमेकांविरुद्ध लढलेले काळे आणि कोल्हे २०२४ च्या विधानसभेला एकाच महायुतीत होते. तेव्हा आशुतोष काळे लाखाहून जास्त मतांनी जिंकले. पाच वर्षांपूर्वी कुणाच्या स्टेटसवरून कुणी कुणाशी बोलणं टाकलं असेल, तर त्याला आता काय सांगायचं?

तुमच्यावर वेळ आली तर

पद कुठलंही असो, पहिली गोष्ट, खोलीत बोलावून ‘राजीनामा दे, नाहीतर काढू’ असं म्हटलं तर तिथल्या तिथे सही करू नका. राजीनामा दिला की कागदावर तुम्ही स्वतःहून गेलेले असता, आणि नंतर दबाव होता हे सिद्ध करणं तुमच्यावर येतं. विचार करायला वेळ मागा, तो ईमेलने मागा. कोणत्या पोस्टबद्दल आणि कोणत्या नियमाखाली आक्षेप आहे ते लेखी विचारा. नेमणूकपत्र आणि सोशल मीडिया पॉलिसी (असेल तर) स्वतःकडे घरी ठेवा, ऑफिसच्या ईमेलवर नको, कारण तो पहिल्यांदा बंद होतो.

त्यानंतर बघायचं ते म्हणजे तुम्ही कायद्याने ‘कामगार’ आहात का. हुद्द्यात ‘मॅनेजर’ लिहिलंय म्हणून आपोआप बाहेर पडत नाही, प्रत्यक्ष काम काय करता यावर न्यायालयं ठरवतात. केवळ नावापुरते मॅनेजर असलेल्या कित्येकांना हीच एक वाट उघडी असते. तुम्ही शाळेत असाल तर १९७७ च्या कायद्याखालची अपिलाची मुदत आदेश मिळाल्यापासून फक्त ३० दिवसांची आहे.